एकतेचं पन्हं

—नाई नाई, बुधरीबाई, खाली काऊन बसता, खुर्चीवर बसा! या शाळेत सगळे सारखे. आजचा कार्यक्रमच त्याचा हाय — 'आपली शाळा, सर्वांची संस्कृती'. कल्पना कोणाची? माझीच, हेमराज सराची. आता तुमच्या निशाचं सांगतो, त्याच्यासाठीच गावावरून बोलावलं तुमाले. हे मडकं दिसते ना? याच्यात कैरीचं पन्हं हाय. आज शाळा पाहाले मोठे साहेब येणार हायेत; ते आले का, मंचावर गोंड, तेलगू, बंगाली, कुणबी, सगळी पोरं आपापल्या पोशाखात येतील अन् एकाच मडक्यातून पितील — एकतेचं पन्हं! मंग टाळ्या, मंग फोटो, मंग तुमचा रेला नाच. काल तालमीत सगळ्यायनं गटागट पेलं, अन् तुमची निशा गिलास धरून उभी. काऊन? त म्हणे गावात मरका पंडुम व्हायचा हाय, देवाले नवा आंबा दाखवल्याबिगर तोंडाले लावत नाई. आता सांगा! आठवीतली पोरगी, विज्ञानात पहिली, अन् कैरीले भेते!

मले राग नाई बाई. तुमची संस्कृती लय आवडते मले — पिसांचे मुकुट मीच आणले नागपूरवरून, भाड्यानं. तुमच्याकडं नाई घालत असे? असू द्या, साहेबाले दुरून दिसलं पाह्यजे ना! पण संस्कृती कशी — नाचाची, कपड्याची. वेळेवर सुरू, वेळेवर खतम. गिलासात आडवी येते ते कायची संस्कृती? ते अंधश्रद्धा.

म्हणून सरळ सांगतो. निशानं एक घोट घेतला त नाचंल. नाई त तिच्या जागी उर्वशी — ऊर्जानगरच्या इंजिनिअरसाहेबाची पोरगी, मोबाईलवर पाहून शिकली. हो, बाकीच्यायले निशानंच शिकवलं, माहीत हाय मले. काल जेवलीबी नाई म्हणे, रडतच होती. मंग समजवा ना तिले! देव काय एका घोटानं रागावते?

उन्हातून आल्या, घसा सुकला असंल. घ्या, आधी तुमीच घ्या, पोरगी पाहून पेईल. नाई?... अन् मले काऊन देता? नाई नाई, मले चालत नाई. काल? काल म्या नुसतं ओठाले लावल्यासारखं केलं, पोरायले दाखवाले. आखाजी व्हायची हाय ना बाई — पितरायच्या पानावर ठेवल्याबिगर आमच्या घरी आंबा काय, कैरीबी कोणी तोंडाले लावत नाई. माझ्या मायले समजलं त घरात घेणार नाई मले. अन् वाडवडिलायचं माणसानं एवढंबी नाई पाळलं त —

असं काऊन पाहून राह्यल्या?

...ठेवा तो गिलास. ठेवा म्हणतो ना. निशाले म्हणा, जाय, तयार हो. नाचाले... हो, तीच नाचंल.

अन् तुमी बाहेर बसा, बुधरीबाई. ते खुर्ची साहेबासाठी हाय.