पिन टेबलावर होती

मी, वय एकोणसाठ वर्षे, धंदा कपडे अल्टर करणे, राहणार सध्या आपल्या पोलीस ठाण्याच्या आवारात वाकड्या तोंडाने उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, बाजारात मला मास्तर म्हणतात. माझ्यासोबत माझी पत्नी राहते. कापायचं काम माझं, शिवायचं तिचं. दर आठवड्याला नवा बाजार, असं सदर कॅरव्हॅन गाडीमागे जोडून आम्ही बावीस वर्षं फिरतो आहोत. जोडायचं काम पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे, आणि ते माझ्याइतकं चोख कोणी करत नाही, असं मी काल सकाळपर्यंत सगळ्यांना ऐकवत होतो.

पद्धत विचारली म्हणून सांगतो. गाडीच्या मागच्या गोळ्यावर कॅरव्हॅनची वाटी बसवायची आणि दांडा खाली दाबायचा. मग कॅरव्हॅनचं पुढचं छोटं चाक दोन फेरे खाली घ्यायचं. त्यासरशी गाडीची शेपटी वर उचलली गेली तर वाटी बसली, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मग छोटं चाक पूर्ण वर घेऊन दांड्यात पिन, म्हणजे दांडा उचकटत नाही. पिन झाली की खालून दोन साखळ्या, एकमेकींवर आडव्या. शेवटी ब्रेकची तार, म्हणजे कॅरव्हॅन सुटलीच तर तिचा तिला ब्रेक लागतो. एक झाल्याशिवाय दुसरं करायचं नाही. हे मी नव्या दुकानदारांना, त्यांनी विचारलं नसताना, शिकवलेलं आहे.

घटनेच्या तीन दिवस आधीपासून आमचा अबोला होता. कारण असं की, एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही मी दोन बोटं आखूड कापली आणि त्याच्यासमोर "ही हिच्या शिलाईत गेली" असं सांगितलं. पत्नी तिथेच उभी होती. ती गिऱ्हाइकासमोर काही बोलली नाही. नंतरही नाही.

आमच्या अबोल्याचे नियम आहेत. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडे लेकही नाही आणि सूनही नाही, म्हणून ती इस्त्रीशी बोलते. मी आरशाशी बोलतो. जो आधी सरळ उत्तर देईल तो हरला. हे लिहायची गरज नाही असं साहेब म्हणाले, पण याशिवाय पुढचं कळणार नाही.

काल मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मी बाजाराच्या मैदानात कॅरव्हॅन जोडायला घेतली. वाटी बसली. शेपटी उचलली गेली. पिन मी आदल्या संध्याकाळी गंज घासायला आत नेली होती. मी दांड्याजवळ वाकून खिसे चाचपत असताना खिडकीतून पत्नीचा आवाज आला. ती इस्त्रीला म्हणाली, "पिन टेबलावरच राहिलीय गं बाई. लोकांना जगाला शिकवायला वेळ आहे, स्वतःची पिन बघायला नाही."

यातलं पहिलं वाक्य कामाचं होतं. मी दुसरं धरून बसलो. आत जाऊन पिन उचलायची म्हणजे हार कबूल करायची. मी गाडीच्या आरशाला म्हणालो, "काहींच्या जिभेला हाड नाही," आणि स्टिअरिंगवर जाऊन बसलो. पिन झाली नाही म्हणून साखळ्या झाल्या नाहीत, साखळ्या झाल्या नाहीत म्हणून तार झाली नाही. पद्धत मी मोडली नाही.

पत्नी नेहमी माझ्या शेजारी बसते. काल ती मागेच बसली आणि दार लावून घेतलं. चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणूस बसवायचा नाही हा नियम मला माहीत आहे. तो तिला सांगायचा तर बोलावं लागलं असतं.

मैदानाच्या फाटकाबाहेर चढ आहे आणि चढाच्या मधोमध गतिरोधक. तो ओलांडल्यावर गाडी एकदम सुरेख ओढू लागली. गेल्या महिन्यात इंजिनाचं काम करून घेतलं होतं, त्याचा गुण आला असं वाटून मी खूश झालो. मग आरशात पाहिलं तर आमचं घर, खिडकीतल्या पडद्यासकट, उताराने उलटं चाललं होतं.

मी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि धावलो. माझे गुडघे गेलेले आहेत, त्यामुळे मी धावलो हे फळवाल्याने पाहिलं म्हणूनच खरं मानावं. मी तिला मोठमोठ्याने हाका मारत होतो असंही तो सांगतो. ते मला आठवत नाही. ती आत आहे आणि पिन टेबलावर आहे, एवढंच डोक्यात होतं. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

कॅरव्हॅन बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घुसून थांबली. रस्त्यात कोणी आलं नाही, यात माझं कर्तृत्व काही नाही. दार अडकलं होतं, ते मी उपटलं. पत्नी जमिनीवर बसली होती. कोट घातलेला पुतळा तिच्या अंगावर पडला होता आणि उजवा हात तिने पोटाशी धरला होता. मी विचारलं, "लागलं का गं?" ती म्हणाली, "आधी चाकाला दगड लावा." मी लावला.

तिच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं आहे. डॉक्टरांनी सहा आठवडे प्लास्टर सांगितलं. शिवणारा हात तोच आहे.

नवरा-बायकोचं पटत नव्हतं, यांनी मुद्दाम सोडली असेल, असं बाजाराच्या पहारेकऱ्याने सांगितल्याचं मला कळलं. मी मुद्दाम काही केलेलं नाही. मुद्दाम करायला डोकं लागतं, आणि काल सकाळी ते मी वापरलं नव्हतं.

पत्नीने दवाखान्यात दिलेला जबाब हवालदारबाईंनी मला वाचून दाखवला. त्यात आहे की, "पिनेचं मी सांगितलं होतं, पण ह्यांना दोन वर्षांपासून कमी ऐकू येतं. शिवाय शिलाईचं मशीन चालू होतं. ह्यांच्यापर्यंत पोचलं नसणार. ह्यांची चूक नाही." तसं धरलं तर माझ्यावर निष्काळजीपणाचा ठपका येणार नाही आणि लायसन्स वाचेल, हे मला समजतं. लायसन्स गेलं तर कॅरव्हॅन जिथल्या तिथे राहील आणि धंदा बसेल, हेही समजतं.

तरी सांगतो की, माझे दोन्ही कान धडधाकट आहेत. चौथ्या दुकानात माझ्याविषयी कुजबुज झाली तरी मला ऐकू येते. काल मशीन बंद होतं. पत्नी म्हणाली ते मी शब्दन्‌शब्द ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. चूक माझी आहे, तिची नाही, एवढं मोठ्या अक्षरांत लिहावं ही विनंती.

हा जबाब हवालदारबाईंनी मला वाचून दाखवला. माझ्या पत्नीचं म्हणणं मनात ठेवून की काय, त्यांनी तो खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसून, अगदी हळू आवाजात वाचला. मला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आला. बरोबर आहे.