कार्डावरची दोन नावं

कोण म्हणालं असं? नाही नाही, ताई, आधी नाव सांगा, मग चहा घ्या. सिन्नरला कोणाच्या तोंडाला एवढी खाज सुटलीय ते कळू दे मला. गोजराबाई ना? — वाटलंच. पहिल्या खोलीत राहायची इथं, आता लेकाकडं गेलीय सिन्नरला, आणि तिथं बसून हे धंदे. समोर असती तर थोबाड फोडलं असतं तिचं, तुमच्यादेखत फोडलं असतं. बसा हो, तुम्ही कशाला उठताय? मुलाची आई आहात, सून करायची म्हटल्यावर चार दारं विचारणारच, विचारावंच माणसानं. तुमच्यावर राग नाही माझा. पण ‘पोरीच्या आईची चाल बरी नव्हती’ हे माझ्या घरात परत बोलायचं नाही. आणि बोलायचंच असेल तर हळू — भिंत नुसती चार इंची आहे, पलीकडं पल्लवी बसलीय. ऐकू येतंय ना मशीन? सकाळी आठला बसते, निम्म्या इंदिरानगरचे ब्लाऊज तिच्या हातचे. मशीन चालू आहे तोवर बोला, तेवढ्यात तिला काही ऐकू जात नाही.

पोरगी कशी आहे म्हणाल तर — मी वाढवलीय. मंगलाबाई म्हणतं सगळं जग, ती मंगलाआई म्हणते. सहा वर्षांची होती, चौऱ्याण्णव साली. आई गेली, बाप तुरुंगात, मामा एकदा बिस्किटाचा पुडा घेऊन आला आणि गेला तो गेला. मग कोण? मला पोटचं मूल नाही, नवरा आधीच मेलेला — म्हटलं आणा इकडं. डोक्याला तेल लावलं, दहावी केली, शिलाईचा क्लास लावला. तीन वर्षं कोणी जोरात दार आपटलं की उभ्या जागी मुतायची हो ती. आता नाही, आता सगळं ठीक आहे. एक खोड आहे, लपवत नाही तुमच्यापासून — गाण्याच्या जवळ जात नाही. वरातीत बँड वाजला की कान दाबते. आणि गंमत बघा, स्वतः मात्र गुणगुणते मशीनवर. एकच तुकडा. सुरुवातीची बासरी, हूं हूंहूं हूं — आणि ढोलकी पडायच्या आत थांबते. दर वेळी तिथंच. आपण काय गुणगुणतोय ते तिला माहीतसुद्धा नाही. मला माहीत आहे. मी मग भांडी आपटते.

कुठलं गाणं? नाव नाही घेणार मी. बासरीचं म्हणायचो आम्ही. शनिवारी दुपारी रेडिओवर फर्माईशी लागायच्या, आणि अंबडच्या कंपन्यांना सुट्टी शनिवारची, म्हणजे आमच्या आठ खोल्यांच्या लाईनीत सगळे पुरुष घरी. आणि कार्डं कोण लिहिणार? — मी. सातवी पास, अक्षर गोल. ‘मंगलाबाई, आमचं नाव टाका, मंगलाबाई, आमच्या मेहुण्याचं पण टाका.’ वर गाणं, खाली दहा-बारा नावं, पत्ता, झालं. तिथं रेडिओवर त्या बाई वाचायच्या, इंदिरानगर, नाशिकहून अमुक आणि तमुक, की ज्याचं नाव आलं तो दिवसभर छाती काढून फिरायचा. लहानूभाऊला कव्वाली लागायची, टाळ्या वाजवताना एकदा पेटता स्टोव्ह पाडला त्यानं. गोजराबाईला देवाचं. त्यातल्या एका ओळीला हमखास रडायची, आणि रडून झालं की सुनेला शिव्या. धनराजला, म्हणजे पल्लवीच्या बापाला, मारामारीच्या पिक्चरमधली, पत्र्याच्या डब्यावर हात बडवत ऐकायचा. सगळ्यांची पाठ होती मला. माझं? माझं आवडीचं कुठलं? — तुम्ही पहिल्या हो विचारणाऱ्या. माझं नव्हतं. आमचे हे पिऊन आले की एक गाणं म्हणत दारातून यायचे, जुनं, गोड, आवाज चांगला होता मेल्याचा — आणि कडवं संपलं की पहिली बसायची. कानशिलात. अजून कुठं ते गाणं लागलं ना, तर हा गाल गरम होतो. हात लावून बघा. नको? राहू द्या. पिऊनच गेले ते, एकतिसाव्या वर्षी. मी रडले नाही.

तर ललिता. पल्लवीची आई. चाल कसली म्हणता — ती बाई मान वर करून चालायचीच नाही, धनराजनं तेवढी सवडच ठेवली नव्हती तिला. पाठीला वळ असायचे, मीच हळद लावायचे. ती तोंडात पदर कोंबून बसायची, आणि लावून झालं की म्हणायची, मंगलाबाई, या शनिवारी बासरीचं लागेल का हो? आणि शेवटच्या खोलीत दिनेश होता, सटाण्याकडचा पोरगा, एकटा, पॅकिंगला जायचा. तो नळावर शिट्टीनं तेच वाजवायचा. एवढंच! दोघांना एक गाणं आवडलं म्हणजे काय पाप झालं? अख्ख्या नाशिकला आवडायचं ते. पण त्या शनिवारी रेडिओवर नावं आली — इंदिरानगर, नाशिकहून ललिता आणि दिनेश. बस, दोनच. आणि लगेच बासरी.

ती या भिंतीपलीकडं, त्यांच्या खोलीत, खलबत्त्यात शेंगदाण्याचं कूट करत होती. मी अशी इथंच, तुम्ही बसलाय तिथं. नावं तिला ऐकूच गेली नसतील त्या आवाजात, कारण ढोलकी पडली तशी ती ठेक्यावर कुटायला लागली, ठक, ठक-ठक — खुशीत होती हो. मग धनराज काहीतरी बोलला. मग ती, ‘नाही हो, मला काय माहीत, मला खरंच काय माहीत.’ बत्ता थांबला. आणि परत सुरू झाला. ताई, ठेका चुकला होता. ओला आवाज होता तो. पाच मिनिटांचं गाणं — दुसऱ्या कडव्यात तिचं ओरडणं थांबलं, आणि तो काही थांबला नाही. पोरगी पाण्याच्या पिंपामागं होती. पिंपावर पण उडालं होतं, मी धुतलं दुसऱ्या दिवशी. चहा घ्या, साय धरली त्याच्यावर.

दार आतून लावलेलं, लोकांनी तोडलं. धनराजला नळापर्यंत फरफटत आणला आणि सायकलच्या चेनीनं फोडला, समोरचे दात गटारात पडले, बरं झालं, मला अजून बरं वाटतं. मग कोणीतरी ओरडलं, तो दुसरा कुठंय? दिनेश जेवायला बसला होता. त्याला काही कळलंही नव्हतं, हाताला भात तसाच. त्याला पण घेतला बाहेर. काही न केलेला पोरगा, हात जोडत होता, ‘मी कार्ड पाठवलंच नाही, आईची शपथ नाही पाठवलं’ — ऐकतो कोण? त्याचं मनगट पायरीवर ठेवून मोडलं. कट्‌ वाजलं. मी पण मारलं. हो, मी पण. चपलेनं, तोंडावर, त्या शिट्टीच्या तोंडावर — सगळेच मारत होते हो! संध्याकाळी घरी येऊन मी माझा रेडिओ वरवंट्यानं ठेचला, पार चुरा केला, तेव्हापासून या घरात रेडिओ नाही.

म्हणून सांगते, चूक रेडिओवाल्यांची. एकाच गाण्याला वेगवेगळी कार्डं येतात, ते एका गावची नावं जोडून वाचतात, त्यांना काय माहीत कोण कोणाचं? पोलिसांना मी हेच सांगितलं, पल्लवीला हेच सांगितलंय, आणि सिन्नरला जाऊन त्या भवानीला तुम्ही पण हेच सांगा. — काय? दिनेशनं कार्ड पाठवलं नव्हतं, तर त्याचं नाव आलं कुठून?

लय नीट ऐकता हो तुम्ही. पोलिसांनी नाही विचारलं हे. तेरा वर्षांत कोणी नाही विचारलं.

बरं, एकच कार्ड होतं. मी लिहिलेलं, मीच लिहायचे ना सगळी! पण त्यात लाईनीतली सगळी नावं होती, त्यांनी वाचताना गाळली — आता बरोबर ही दोनच गाळायची कशी राहिली ते मी काय — बघू नका हो अशा माझ्याकडं. दोनच होती. दोनच लिहिली होती. झालं? मी नळावर गेले की शिट्टी वाजायची. बत्तीस वर्षांची होते मी, नवरा जाऊन चार वर्षं, मला वाटलं — आता काय वाटायचं ते वाटलं. पाणी भरायला जाताना अबोली माळायला लागले. लाज वाटते सांगायला. आणि एक दिवस उशीर झाला मला, लांबूनच शिट्टी ऐकू आली आणि नळावर ललिता. तिच्यासाठी वाजवत होता की नुसती आपली त्याच्या तोंडात होती, देव जाणे. मी हंडा तिथंच टाकला, घरी आले, कार्ड घेतलं. म्हटलं एकदा चारचौघांत वाजू दे हिचं नाव, नळावर यायची बंद होईल. मारायचं नव्हतं मला तिला! दोन थोबाडीत बसल्या असत्या, मला नव्हत्या बसत?

तेव्हा झालं तुमचं समाधान. त्या बाईच्या नावाला बोट लावायला जागा नाही, काही घाण असेल तर ती या हातात आहे, पोरीत नाही. तिला करून घ्या, ताई. पदर पसरते मी. बापाच्या रागाचं विचाराल तर तोही — तोही झोपला होता हो. जेवून पडला होता. त्याच्या रेडिओचे सेल संपले होते, सकाळीच मागायला आला होता माझ्याकडं, मी नाही म्हटलं. आणि दुपारी त्या बाई ‘इंदिरानगर’ म्हणाल्या तशी मी उठले, रेडिओ उचलला, या भिंतीला टेकवला, इथं, हा डाग आहे ना इथं, आणि बटण फिरवलं ते पार शेवटपर्यंत. तो माझ्या रेडिओनं जागा झाला. ती ओरडायला लागली तेव्हा मला ते बटण उलटं फिरवता आलं असतं, दोन बोटांचं काम, मी फक्त धरून उभी राहिले, गाणं संपेस्तोवर धरून —

थांबा. बोलू नका.

मशीन कधी थांबलं?

नाही, दोरा तुटला असेल. दोरा तुटला की थांबते ती. ओवते, परत सुरू करते, तेवढा वेळ — नाही हो, एवढा वेळ नाही लागत. तुम्हाला माहीत होतं? तुम्ही मघापासून भिंतीकडं बघत होतात. मला का नाही सांगितलं?

उठा तुम्ही, ताई. जा. कप राहू द्या तिथंच. आणि जाताना दार लावू नका.