केसरबाईंच्या कपाटातील तेल

दि. १६/०७/२०२५

मी बद्रीनाथ नाथा डोईफोडे, वय ६३ वर्षे, धंदा एसटीचा सेवानिवृत्त चालक, रा. पाली, ता. जि. बीड, ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व पत्नी वनमाला, वय ५७, असे दोघेच राहतो. मी गावच्या तंटामुक्ती समितीचा सदस्य आहे.

शेजारी केसरबाई अंगद नवले राहतात. त्या विधवा असून शिवणकाम करतात. मे महिन्यापासून माझी पत्नी रोज सकाळी अकराला व संध्याकाळी सातला त्यांच्याकडे जाऊन दहा मिनिटांत परत येत असे. विचारले तर "ब्लाऊजचं माप" म्हणत असे. एवढे ब्लाऊज तिने शिवून घेतलेले नाहीत. परत आल्यावर तोंडाला कडवट, हिरवा वास येई. केसरबाईंकडे दर महिन्याला कुरिअरने खोका येई. उकिरड्यावर मला त्यातला एक सापडला. त्यावर गांजाच्या पानाचे चित्र होते. केसरबाई गांजा विकतात व त्यांनी माझ्या पत्नीला नादी लावले, असा माझा संशय झाला.

आज साडेदहालाच मी ११२ ला फोन करून ठेवला. अकराला पत्नी तिकडे जाताच पोलिसांसोबत मीही आत गेलो. पत्नी बाजेवर मान मागे करून बसली होती व केसरबाई तिच्या जिभेखाली थेंब सोडत होत्या. मी म्हणालो, "बघा साहेब, रंगेहाथ."

परसात गांजाचे झाड मिळाले नाही. कपाटात तेलाच्या दोन बाटल्या व वैद्यांची चिठ्ठी मिळाली. साहेबांनी सांगितले की, गांजा ओढणे, बाळगणे किंवा त्याचे एक झाडही लावणे गुन्हा आहे. पण परवाना असलेल्या कारखान्याचे विजयाचे, म्हणजे गांजाच्या पानांचे, आयुर्वेदिक औषध नोंदणीकृत वैद्यांच्या चिठ्ठीवर घेता येते. चिठ्ठीवर माझ्या पत्नीचे नाव होते. आजार गर्भाशयाचा कॅन्सर, हाडांत उतरलेला. ते साहेबांनी वाचून दाखवले. माझा चष्मा माझ्या खिशातच होता.

पत्नीला मी विचारले, "मला कावून न्हाई सांगितलं?" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी बाटली नालीत वतली असती." मार्च महिन्यात तिने मला विचारले होते, "त्या गांजाच्या तेलानं दुखणं लई कमी होतंय म्हनं?" त्यावर मी, "आपल्या घरात असलं चालायचं न्हाई," असे म्हणालो होतो. दुखतंय कुणाचं, हे मी विचारले नव्हते.

माझी केसरबाईंविरुद्ध तक्रार नाही. परवान्याची खात्री करण्यासाठी ठाण्यात आणलेल्या बाटल्या आज सातच्या आत परत मिळाव्यात. किती थेंब द्यायचे ते मला माहीत नाही. केसरबाईंना माहीत आहे. त्या माझ्याशी बोलत नाहीत.

हे सर्व मला मोठ्याने वाचून ऐकवले. मी बोललो तेच यात उतरले आहे व ते खरे आहे.

सही/- बद्रीनाथ नाथा डोईफोडे