राणीचा खुराक

बुधवारी गेले ते. – कालचा नव्हे, तीन महिने होत आले त्या बुधवाराला. तुम्ही तिथंच थांबा, फाटकाच्या बाहेर, कडीला हात लावू नका. साहेब कुठं आहेत विचारलंत, मी सांगितलं. आता तुम्ही सांगा, तुम्ही कोण. – थांबा, आधी माझं पुरं होऊ द्या, मध्येच तोडलं की मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. त्या दिवशी काही विशेष नव्हतं. लोक विचारतात, काही चाहूल लागली होती का – कसली चाहूल, मी मागच्या ओट्यावर चिंचा फोडत बसले होते, चिंचोके एका सुपात, चिंच दुसऱ्यात, सत्यवती भांडी घासत होती, आणि आत फोन वाजला. फोन नवाच होता, दोन महिन्यांचा. आठ वर्षं अर्ज पडून होता, कोणी ढुंकून बघत नव्हतं, आणि आता सरकारला कुठली घाई झाली कोण जाणे, माणसं येऊन भराभर तारा ओढून गेली. तर वाजला. बोटं चिंचेनं चिकटलेली, आणि दिवसातून चार वेळा कुणाकुणाचे चुकून लागलेले फोन यायचे, म्हणून म्हटलं वाजू दे. पुन्हा वाजला तेव्हा हात धुऊन उठले. सुलतान बाजारातून एक पुस्तकवाला बोलत होता – मुकुंदराव तुमच्याच घरचे का, म्हणून. त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत. मी पहिल्यांदा वाजला तेव्हा उचलला नाही, हे मी हेमंतलासुद्धा सांगितलेलं नाही. माझा मुलगा तो. तुम्हाला कशाला सांगतेय, कोण जाणे.

आता बोला. काल जनावरांच्या दवाखान्यापासून माझ्या रिक्षामागं स्कूटरवर होतात ते तुम्हीच ना? – बघितलं मी, दोनदा वळून बघितलं. निळी स्कूटर, पुढं डबा बांधलेला. घरी येऊन कुलूप लावलं आतून. आणि आज सकाळी पिशवी घेऊन फाटकावर. पिशवीत काय आहे? वर्तमानपत्रात गुंडाळलेलं दिसतंय. दारूबंदी आहे राज्यात, माहीत आहे ना, शेजारचे निवृत्त फौजदार आहेत, उगीच नसती परेशानी नको माझ्या दारात. – नाही? मग काय?

आणि ही कशी ओळखते तुम्हाला? राणी. राणी, मागं ये. – ऐकते का बघा. तीन महिन्यांत या कुत्रीची शेपटी हलली नव्हती. हेमंत आला तरी नाही, मी चार हाका मारल्या तरी नाही, नुसती जिन्याखाली पोतं अंथरलंय त्यावर पडून. आणि तुमच्यासाठी फाटकावर दोन पाय टाकून उभी. माणूस खोटं बोलेल, कुत्रं बोलत नाही. म्हणून विचारते, नाव काय तुमचं? – अंबाजी. मराठी चांगलं बोलता. – हां, आरे कटिके, म्हणजे खाटीक. तुमच्या घरांतून मराठीच चालते, ऐकून आहे मी. मटणाचं दुकान, नारायणगुड्याच्या मार्केटमागं. बरं. आणि मटणाच्या दुकानाचा आमच्या घराशी काय संबंध? आमच्या घरात अंडं येत नाही, अंबाजी. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी यांच्याकडून शब्द घेतला होता, यांच्याकडं चालायचं ना सगळं, शेतकरी माणसं – तर शब्द घेतला की मुलगी येईल त्या दिवसापासून बंद. पस्तीस वर्षं पाळला शब्द. – तुम्ही खाली का बघता? मी काही विचारलं नाही अजून.

थांबा, कुत्रीकडं हात नेऊ नका. आधी तिची अवस्था बघा. बरगड्या मोजून घ्या, बाहेरूनच दिसतात. काल डॉक्टरांनी ताणकाट्यावर धरली – तेरा किलो. त्यांच्याकडं गेल्या वर्षीचं कार्ड आहे, रेबीजचं इंजेक्शन देताना वजन लिहिलेलं, एकोणीस. सहा किलो गेली. म्हणाले, जंत बघितले, रक्त बघितलं, रोग काही नाही, आधी खायची काय? मी म्हणाले पोळी-दूध. त्यांनी चष्मा काढला. एकोणीस किलोची कुत्री पोळी-दुधावर? म्हणाले, अम्मा, नीट आठवा. मी म्हटलं, मी स्वतः वाढते, मला आठवायचं काय त्यात. राग आला मला. घरात मी, ताट माझ्या हातचं, आणि परका माणूस मला सांगतो की तुमच्या घरात काय चालतं ते तुम्हाला माहीत नाही.

पहिला महिना सगळे म्हणाले, दुःखानं खात नाही, खाईल. मी म्हटलं, दुःख मलाही आहे, मी जेवतेय की. मग मी मनावर घेतलं. माझ्या आईनं मला हेमंतच्या वेळी जे जे केलं ते सगळं केलं हिला – डिंकाचे लाडू केले, खोबरं घालून, अळिवाची खीर, पोळीवर तुपाची धार, ती पण साधी नाही, पोळी बुडेल इतकी. बाळंतिणीला अंग धरतं, कुत्रीला का धरू नये. हसता काय? हसा. चार दिवसांत अंगण धुऊन धुऊन सत्यवतीची कंबर गेली. होतं ते पण गेलं अंगावरचं. मग हेमंत कुकटपल्लीहून एक पिशवी घेऊन आला, परदेशी कंपनीची, तिथल्या नव्या दुकानात म्हणे कुत्र्यांचं वेगळं कपाट असतं. वर सोनेरी केसांच्या कुत्र्याचं चित्र, आत कडक गोळ्या. राणीनं वास घेतला आणि चित्राकडं पाठ करून बसली. हेमंत म्हणाला, आई, म्हातारी झाली, आता पंधरा दिवस बघू, वजन धरलं नाही तर तिला कुठंतरी पाठवू आणि तू चल माझ्याकडं. कुठंतरी म्हणजे कुठं, ते नाही सांगितलं. कॉम्प्युटरवाली माणसं, त्यांचं सगळं असंच असतं, कुठंतरी. त्यातले नऊ दिवस गेले. येत्या बुधवारी पुन्हा वजन.

आणि ही म्हातारी नाही. सहा वर्षांची आहे. यांच्या कारखान्यात सगळ्यांना आपखुशीनं घरी बसायला सांगितलं ना – आपखुशीनं, म्हणजे नाव लिहूनच ठेवलेलं असतं – त्या दिवशी हे फाटकातून बाहेर पडले तर एवढंसं पिल्लू मागं लागलं. लोक घड्याळ घेऊन येतात, हे कुत्री घेऊन आले. त्यानंतर रोज सकाळी दोघं फिरायला. साडेसहाला जायचे, आठला यायचे. पाऊस असो, थंडी असो. आल्यावर बाहेरच्या नळावर हात धुवायचे, साबण लावून, कोपरापर्यंत. आणि तोंडाला बडीशेपेचा वास. बडीशेप कशाला हवी सकाळी सकाळी फिरून आलेल्या माणसाला?

तुम्हाला म्हणून सांगते – म्हणजे तुम्हाला का सांगतेय ते कळत नाही, पण दारात उभे आहात, ऐका. मला वाटलं बाई आहे. घरी बसवलेला पुरुष, छप्पन्न वर्षांचा, रोज दीड तास जातो, धुऊन-पुसून परत येतो. एकदा मी मागं गेले होते. कोपऱ्यावरच्या दूध-केंद्रापर्यंत. तिथून वळले, दूध घेऊन परत आले. म्हटलं, समोर दिसली कोणी तर करायचं काय. नाही बघितलं तर नुसता संशयच आहे, संशयाबरोबर राहता येतं माणसाला. पाच वर्षं राहिले मी. आणि त्या बुधवारी सकाळी, काय झालं कोण जाणे, चहाचा कप ठेवताना विचारलं सरळ – रोज कुठं जाता? तर हे हसले. म्हणाले, राणीला विचार. मग पिशवी घेतली आणि सुलतान बाजारला गेले. तेच शेवटचं. माणसं शेवटी काहीतरी सांगून जातात, हे मला कुत्रीकडं बोट दाखवून गेले.

– काय म्हणालात? जरा मोठ्यानं. – रोज? रोज तुमच्याकडं यायचे? पाच वर्षं?

सांगा सगळं. नाही, आत नको, तिथूनच सांगा. – तुमच्या दुकानामागच्या चुलीवर. लहान पातेल्यात. चरबी काढलेले तुकडे, थोडं काळीज, तांदूळ त्याच पाण्यात. मीठ नाही, कांदा नाही, तिखट तर नाहीच. – शिजलेलं हाड द्यायचं नाही, आतडं फाडतं. कालचे डॉक्टर अगदी हेच म्हणाले. तुम्हाला कोणी सांगितलं? – यांनी. तेव्हा कुणा दुसऱ्या डॉक्टरला विचारून केलं म्हणजे. एवढं सगळं विचारून, समजून, नीट. मला एवढं कधी – असो. आणि घरी यायचं, आणि मी पोळी-दूध ठेवायचे, आणि ती भरल्या पोटी माझा मान राखायला दोन घास चाटायची. मला वाटायचं, काय गुणाची आहे, किती थोड्यात भागतं हिचं.

आता एक विचारते. हे तिथं उभे राहून नुसते राणीला चारायचे, की स्वतःही? – अंबाजी. मी विचारलं काहीतरी. – राणीकडं बघू नका. ती पाच वर्षं गप्प बसली, ती आता काय सांगणार आहे.

बरं. नका सांगू. बडीशेप तुमच्याच दुकानातली होती एवढं कळलं मला.

वडील गेले त्याला वीस वर्षं झाली. शब्द त्यांनी घेतला, ते गेले, ज्यांनी दिला ते गेले, राहिले मी. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? – तुम्ही नका उत्तर देऊ, मला माहीत आहे. दोन महिने बोलले नसते. वेगळं ताट, वेगळा पेला. म्हणून नाही सांगितलं. बाई असती तर बरं झालं असतं असं म्हणणार होते, पण तेही खरं नाही. मटणाचं तेवढं कुठं वाईट वाटतंय. तुमच्याकडं बघून उलट – जाऊ द्या.

काल राणीला अशी वाळलेली बघून घरापर्यंत मागं आलात, आणि आज मटण घेऊन, कळलं मला. ठेवा ती पिशवी. पायरीवर, माझ्या हातात नको. मागं शेगडी आहे, पाणी तापवायची, त्यावर शिजवीन, पातेलं वेगळं काढीन, स्वयंपाकघरात येणार नाही ते. डॉक्टरांनी काल लिहून दिलंय, मांसाशिवाय धरणार नाही म्हणून, मी कागद घडी करून देवाच्या मागं ठेवला होता. एकदम भरपूर नाही द्यायचं. चार वेळा, थोडं थोडं. सुरुवातीचे चार दिवस भात जास्त आणि हे मूठभर, पोटाला मानवलं की हळूहळू मटण वाढवायचं, वरून चमचाभर तेल, दही चालतं, दर आठवड्याला वजन. घाई केली की पुन्हा पोट सुटतं. माझ्या तुपानं झालं तसं. – हौ, हौ, तुम्हाला माहीत आहे सगळं. मलाच माहीत नव्हतं.

आणि कोणाकोणाला माहीत होतं? – म्हणजे मार्केटचा मुकादम नाही, दूधवाला नाही, आमच्याकडचं कोणी. – सत्यवतीला?

कसं? – तुमच्या दुकानामागच्या बस्तीतच राहते. हो, तिथंच राहते ती, नारायणगुड्याला. रोज दिसायचे तिला हे, पाच वर्षं. आणि यांनी तिला सांगितलं असणार, अम्माला बोलू नकोस. हे गेल्याचं तुम्हालाही बोलली नाही ती, दोन्हीकडं तोंड बंद.

नऊ वर्षं होती माझ्याकडं. राणी उतरायला लागली तसा मी दुधावर डोळा ठेवला. पातेल्याला आतून काजळाची रेघ ओढायचे, किती कमी झालं बघायला. तिच्या मुलीला नुकतंच बाळ झालेलं, मला वाटलं, दूध तिकडं जातंय. मग एक दिवस तिची पिशवी उघडली. हो, उघडली, मीच उघडली, ती वर कपडे वाळत घालत होती. डब्यात दुधात भिजलेल्या पोळ्या. मी म्हटलं, कुत्रीच्या तोंडचं काढतेस? ती म्हणाली, अम्मा, ही खात नाही, ताटलीत तसंच राहतं, तुम्हाला दिसलं की तुम्ही परेशान होता, म्हणून मी कोंबड्यांना नेते. मी म्हटलं, खात नाही तर एवढे दिवस काय हवेवर वाढली? तेव्हा तिनं माझ्या हातातून डबा घेतला, झाकण लावलं. मग म्हणाली, सारना माहीत होतं हिला काय लागतं ते. एवढंच. मला वाटलं उर्मटपणा करते, मेलेल्या माणसाच्या आड लपते. म्हटलं, चालती हो.

गेली. चप्पल घातली आणि गेली, साडीचा पदर पण झटकला नाही. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. यांना दिलेला शब्द मोडला नाही तिनं. बघा, या घरात शब्द पाळला तो तिनं.

आणि ती गेल्यावर मी सगळं दूध स्वतः ठेवलं, स्वतः राखलं, तरी उतरतच गेली ना राणी. तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं पण होतं, अंबाजी. कळलेलं मी त्या कागदासारखं घडी करून ठेवलं.

बघा, पिशवी फाडते ती. राणी, थांब, शिजवू दे. – आता तुम्ही निघा. दुकान उघडायची वेळ झाली तुमची, आणि समोरच्या बाई गॅलरीत येऊन दोनदा बघून गेल्या. उद्या आणू नका, परवा आणा. पैसे परवा बोलू. कडी लावून घ्या जाताना – लावा, हात लावला तरी चालेल.

सत्यवतीला तुम्ही काही बोलू नका. ते माझं मी बघीन. – नाही, पत्ता नको, बस्ती माहीत आहे मला. काल दवाखान्यातून येताना रिक्षा तिच्या गल्लीवरूनच आली, मी थांबवली नाही. तिला काढून तीन आठवडे झाले. मी तिच्याकडं अजून गेलेली नाही.