आधी विचारायचं, काय खाते

त्या सकाळी भाकरी झाल्या होत्या, धुणं भिजत होतं. मी मिक्सरला शेंगदाण्याची चटणी लावली आणि भांड्याखाली ठिणग्या उडाल्या. आमचे मालक बाहेर चहा पीत होते. तिथूनच म्हणाले, "ब्रश झिजले." मी विचारलं, न बघता कसं कळलं? म्हणाले, दुकानात ये, दाखवतो.

मंडळी, मी इथूनच सुरुवात करते. मालकांच्या शेवटच्या दिवसांपासून केली तर माझ्यानं बोलवणार नाही. तुम्ही हातातली कामं टाकून त्यांच्यासाठी आलात. नीट टेकून बसा.

त्या दिवशी मालक ब्रश आणायला गेले, तेवढ्यात मी त्यांचं मोटर दुरुस्तीचं दुकान आवरलं. सगळ्या मोटरी मोठीपासून धाकटीपर्यंत ओळीनं लावल्या. मालक आले आणि बघतच राहिले.

"उतरंड लावलीस व्हय? भांडी हायती का ही?"

शेजारी टायरवाले रशीदभाई बसले होते, ते पोट धरून हसले. मालक रागावले नाहीत. मला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, मोटर आकारावरून ओळखू नये. आधी विचारायचं, काय खाते? फवारणीचा पंप बॅटरीवर चालतो, त्याची मोटर डीसी. पंखा आणि विहिरीवरची मोटर घरच्या, शेतातल्या लाईनीवर, म्हणजे एसी. मग विचारायचं, आत ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज देणारा कोळशाचा तुकडा, आहे का? मिक्सरला आहे, म्हणून तो ओरडतो, आणि ब्रश झिजले की ठिणग्या टाकतो. पंख्याला नाही. त्याच्या फिरत्या भागाला वीज कुठंच चिकटत नाही, तरी तो फिरतो. आणि शेवटी विचारायचं, आपली आपण उठते, म्हणजे सुरू होते का? थ्री फेज उठते. सिंगल फेजला कंडेन्सरचा हात लागतो.

मी म्हणाले, "म्हणजे माणसासारखंच."

"माणसाला पाटी नसती," मालक म्हणाले. "मोटरीला असती. वाच."

मी शाळा चौथीत सोडलेली. मोटरीवरच्या पाट्या वाचत वाचत मला पुन्हा वाचनाची गोडी लागली. मालकांनी रद्दीतून मोटरींचं एक जुनं मराठी पुस्तक आणलं. ते तार गुंडाळायचे, मी मोठ्यानं वाचायचे. अडले तर थांबायचे, ते वाट बघायचे. तुला काय करायचंय, असं एकदाही म्हणाले नाहीत. किती बायकांच्या वाट्याला हे येतं? माझ्या आलं. आज रडण्याआधी मला ते सांगायचं होतं.

आता दुसरी गोष्ट. माती झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे भेटायला आले, तर मी घरात नव्हते. काहींना ते खटकलं. खटकणारच.

झालं असं, की आदल्या संध्याकाळी रशीदभाई दारात आले.  म्हणाले, "भाभी, हरभरा पाण्यावाचून चाललाय. लोकांच्या मोटरी दुकानात अडकल्यात. तुमच्याकडं मागायला लाजतात." मालकांनी आजारपणातही त्या नवी तार भरून तयार ठेवल्या होत्या. पण सिंगल फेजची, थ्री फेजची, दिसायला सारख्याच. चुकीची गेली असती तर विहिरीवर जळाली असती, आणि शेवटी मालकांचं नाव खराब झालं असतं.

रशीदभाईंनी विचारलं, "कुठली कुणाची, कसं कळंल?"

मी म्हणाले, "कुणाची लाईन कुठली ते लोक सांगतील. मोटर कुठली ते मला कळंल."

आता आपण थोडा वेळ शांत बसू. वरचा पंखा चालूच राहू द्या. मालक त्याचा आवाज ऐकत बसायचे. सगळ्यांना हात जोडून माझा शरणार्थ. आणि त्या दिवशी मी कुठं होते, तर ऐका. मी दुकान उघडलं, एकेक पाटी वाचली, ज्याची मोटर त्याला दिली. मग शटर ओढलं आणि घरी आले.