हरणांची चवळी

हसू नका हं, अजून लाज वाटते मला. साठ-एकसष्टची गोष्ट. जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएचडी करत होतो. आमच्या प्रोफेसरांनी रानातल्या हरणांना चारा म्हणून चवळी पेरून पाहिली होती. रोज सकाळी जाऊन हरणांनी किती खाल्लं ते वहीत लिहायचं, हे माझं काम.

वर्षभर उकडलेले बटाटे खाल्लेला माणूस मी, आणि समोर कोवळी लुसलुशीत चवळी! पहिल्या दिवशी मूठभर शेंडे खुडले. मग रोजच पालेभाजी. वहीत लिहायचो, 'हरणांनी खाल्लं.'

एक दिवस प्रोफेसर तिथल्या म्हाताऱ्या फॉरेस्टरला घेऊन आले. त्याने एक देठ निरखून पाहिला.

"हेर प्रोफेसर, हरणाला वर पुढचे दात नसतात. ते पाला ओरबाडतं. हा नखाने खुडलाय."

प्रोफेसरांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. नखं हिरवीगार!

"आल्झो," म्हणजे 'अस्सं तर', एवढंच म्हणाले. वही मागून घेतली, प्रत्येक पानावरचं 'हरणांनी' खोडलं आणि तिथे सुवाच्य अक्षरात माझं नाव लिहिलं.

ती वही तिथल्या कपाटात अजून असेल. सतरा पानं मी त्यात चरतोय.