सून काय करते

वरवंडच्या एसटी थांब्यावर तुळजाबाईंनी शेजारी उभी असलेली पोरगी ओळखली. महिन्यापूर्वी सर्व्हेला घरी आलेली, शिरूर तालुक्यातली करुणा.

“आमचा फॉर्म हाय का गं तुझ्याकडं?”

“न्हाई मावशी, गेला पुण्याला. का वो?”

“सून काय करते, इचारलंस. म्या म्हणलं, काय न्हाई, घरीच बसून असते.”

“व्हय, तसंच लिहिलं.”

“सात म्हशींच्या धारा काढते ती. कांदाबी तिनंच लावला.”

“मग तवा का न्हाई सांगितलंत?”

“मोठ्या घरची सून राबते, हे परक्या तालुक्यातल्या पोरीला सांगू?”

“परक्यापुढं लोकं खरं बोलत्यात, म्हणून तर आम्हाला दौंडात धाडलं. इथल्या पोरी शिरूरला.”

“शाणे तुमचे सायेब! गावातली असतीस, तर जागीच माझं खोटं पकडलं असतंस. सून चहा घेऊन दारातच हुती. ऐकलं तिनं.”

“काय म्हणाल्या?”

“कप ठिवला आन् गोठ्यात गेली. तवापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.”

“फॉर्म आता बदलत न्हाई, मावशी. तुम्हीच म्हणा की त्यांना, घर तुझ्यावर चालतंय.”

“ह्या तोंडाला तसलं वळणच न्हाई गं. म्हणून तर कागदावर लिवून घ्यायचं हुतं.”